तक्रारीला पत्ता हवा

माझी धाकटी बहीण रोज रात्री साडेआठच्या सुमारास फोन करते. जेवणं झालेली असतात, ओटा पुसलेला असतो, मी फोन कानाशी धरून भांडी जागेवर लावत असते. "ताई, काय सांगू तुला," इथून सुरुवात होते. अडीच वर्षांपूर्वी तिच्या सासऱ्यांची एक बाजू लुळी पडली, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. अंघोळ, औषधं, रात्री दोनदा उठून कूस बदलणं, सगळं तिच्याकडे. दीर-जाऊ त्याच शहरात पाऊण तासावर राहतात आणि सणावाराला मिठाईचा बॉक्स घेऊन येतात. हे ती सांगते, मी "खरंय गं बाई" म्हणते. मग मी माझ्या ऑफिसचं सांगते, ती "काय एकेक माणसं असतात" म्हणते. चाळीस मिनिटं कधी जातात कळत नाही.

फोन ठेवल्यावर हलकं वाटायला हवं. वाटतंच, असं मी धरून चालले होते. गेल्या वर्षी एका रात्री फोन ठेवला आणि नवऱ्याने साधंच विचारलं, "उद्या डब्याला काय आहे?" मी त्याच्यावर इतकी खेकसले की मुलगा आतल्या खोलीतून बाहेर येऊन बघायला लागला. तेव्हा जाणवलं, माझे खांदे आखडले होते आणि दातावर दात आवळलेले होते. मन मोकळं केल्यावर माणूस असा होतो का?

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यातलं पुष्कळसं आपण एकमेकांना देतो त्या सल्ल्यांच्या अगदी उलट जातं. म्हणून ते नीट समजावून सांगावंसं वाटलं.

तीच ती पिरपिर

मराठीत या सवयीला शब्द किती आहेत पाहा. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कटकट. सगळे आवाजाचे शब्द आणि प्रत्येकात तोच आवाज दोनदा. खुद्द 'तक्रार' हा शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला, आणि अरबीत त्याचा अर्थ 'पुन्हा पुन्हा करणं' असा होतो. भाषेने या सवयीची नस बरोबर पकडली आहे. त्रास एकदा बोलून दाखवण्यात काही वाईट नाही. बिघडतं ते तोच त्रास घोळवत बसल्याने.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ रॉबिन कोवाल्स्की यांनी १९९६ मध्ये तक्रार या विषयावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. तक्रार करायला माणूस मनातून नाराज असावाच लागतो असं नाही, हे त्यांचं म्हणणं मला फार पटलं. प्लॅटफॉर्मवर शेजारी उभ्या बाईला आपण "काय उकडतंय ना!" म्हणतो, तेव्हा आपल्याला हवामान बदलून नको असतं, दोन शब्द बोलायचे असतात. हॉटेलात "पूर्वीची चव राहिली नाही हो" म्हणणाऱ्याला आपण दर्दी आहोत हे सांगायचं असतं. काही तक्रारींमागे काम करून घेण्याचा हेतू असतो: नळ गळतोय, प्लंबर पाठवा. आणि काही तक्रारी नुसत्या मनातली वाफ बाहेर सोडण्यासाठी असतात. नळाच्या तक्रारीला उत्तर मिळालं की ती संपते. वाफेची तक्रार संपत नाही, कारण तिने कोणाकडे काही मागितलेलंच नसतं.

इथे मला माहेरची आठवण येते. माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं. गाऱ्हाणं हा शब्द सगळा महाराष्ट्र तक्रारीसाठी वापरतो, पण आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात, तो रीतसर विधी असतो. देवळात ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवलेला असतो, मानकरी हात जोडून उभे असतात आणि त्यांतला एक जण मोठ्याने सुरू करतो, "बा देवा म्हाराजा!" मागून सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मग तो कोणाच्या वतीने बोलतोय ते सांगतो, घराचं नाव घेतो, अडचण काय ते सांगतो, देवाने काय करावं ते सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर "व्हय म्हाराजा". शेवटी नारळ फुटतो, खोबऱ्याचे तुकडे हातावर पडतात आणि माणसं घरी जातात.

लहानपणी मला त्यात फक्त खोबऱ्याचं कौतुक होतं. आज कळतं की त्या पाच मिनिटांत तक्रारीला जे जे लागतं ते सगळं आहे. ती कोणाला सांगायची हे ठरलेलं आहे. काय हवं ते स्पष्ट मागितलेलं आहे. आजूबाजूला ऐकणारी, होकार भरणारी माणसं आहेत, म्हणजे त्रास झालेला माणूस एकटा नाही. आणि मुख्य म्हणजे तिला शेवट आहे. नारळ फुटल्यावर तेच गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून कोणी घालत नाही. माझ्या आणि बहिणीच्या फोनमध्ये "व्हय म्हाराजा" तेवढं होतं, बाकी काहीच नव्हतं.

वाईट आधी का दिसतं

कुरकुऱ्या माणसाला आपण स्वभावाने वाकडा ठरवतो, ते पूर्ण खरं नाही. माणसाच्या मनाची घडणच अशी आहे. आमच्या भागात पावसाळ्याच्या तोंडाला फुरशी निघतात, छोटे पण विषारी साप. वाटेवरच्या पाचोळ्यात सळसळ झाली की पाय जागीच थांबतो. दहातल्या नऊ वेळा तो सरडा असतो. पण नऊ वेळा उगाच दचकलेला माणूस घरी पोचतो, आणि दहाव्या वेळी बेसावध राहिलेला कदाचित पोचत नाही. हजारो पिढ्या ज्यांनी वाईटाची चाहूल आधी घेतली त्यांची आपण मुलं-नातवंडं आहोत.

२००१ मध्ये रॉय बाऊमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाती, आठवणी, शिकणं, भावना अशा अनेक क्षेत्रांतले अभ्यास एकत्र मांडले. वाईट हे चांगल्यापेक्षा जोरकस असतं, हा निष्कर्ष त्यांना जवळपास सगळीकडे मिळाला. एक अपमान अनेक कौतुकांना पुरून उरतो. सुख जवाएवढं आणि दुःख पर्वताएवढं हा आपल्याकडचा जुना अनुभव. प्रयोगशाळेतही तोच आला. लग्नाच्या पंगतीत दहा पदार्थ चांगले झालेले असतात आणि घरी येताना गाडीत बोलणं होतं ते खारट झालेल्या कोशिंबिरीचं.

आपण मुद्दाम काही केलं नाही तर मन कुरकुरीकडेच कलणार, एवढाच याचा अर्थ घ्यावा. त्यात स्वतःला दोष देण्यासारखं काही नाही.

जाता जाता एक सांगते. अर्धा तास रडगाणं ऐकलं की मेंदूचा भाग आकसतो, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वरचेवर फिरतो. दीर्घकाळच्या ताणाचा, कॉर्टिसोल या संप्रेरकाचा आणि मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाचा संबंध अभ्यासला गेला आहे हे खरं. पण शेजारणीचं अर्धा तास ऐकल्याने मेंदू आकसतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. अशा भीतीपोटी कोणी दुःखी माणसाला टाळू लागलं तर ते फार वाईट होईल.

वाफ सोडली की दाब उतरतो का?

"मनात ठेवू नकोस, बोलून टाक" हे आपण एकमेकांना इतक्या खात्रीने सांगतो की त्यावर शंका घ्यावीशीच वाटत नाही. कुकरची शिटी झाली की दाब उतरतो, तसं मनाचंही होत असणार. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हीच समजूत तपासली. ६०० विद्यार्थ्यांना निबंध लिहायला लावले आणि ते दुसऱ्या एका विद्यार्थ्याने तपासल्याचं भासवून त्यांवर अतिशय झोंबणारा शेरा दिला. मुलं चिडली. मग काहींना मुष्टियुद्धाची पिशवी दिली आणि सांगितलं, शेरा देणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून हाण. काहींना सांगितलं, व्यायाम समजून हाण. उरलेल्यांना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं.

शेरा देणाऱ्याला आठवत पिशवीवर तुटून पडलेली मुलं सगळ्यात जास्त चिडलेली राहिली, आणि संधी मिळाल्यावर तीच जास्त आक्रमकपणे वागली. सगळ्यात शांत निघाली ती गप्प बसलेली मुलं. म्हणजे कुकरची उपमाच चुकली. राग चुलीतल्या निखाऱ्यासारखा आहे, फुंकर घातली की फुलतो, आणि ज्याने दुखावलं त्याला डोळ्यांसमोर आणत तेच तेच बोलणं ही ती फुंकर.

दुसरा पुरावा अचानक हाती लागलेला आहे. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करत होत्या. मन उदास झालं की कोण त्या उदासीतच घोळत राहतं आणि कोण दुसऱ्या कामाला लागतं, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या होत्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. त्याच मुलांना दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी गाठलं, तेव्हा घोळत राहण्याची सवय असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. भूकंप तर सगळ्यांनीच अनुभवला होता.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते तिसऱ्या अभ्यासाने, कारण त्यात मला आम्ही दोघी बहिणी दिसलो. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला. काही जोड्या भेटल्या की आपापल्या अडचणींवरच बोलतात, तेच प्रसंग पुन्हा उगाळतात, तिने असं का म्हटलं असेल याचे तर्क लढवतात, एकमेकींना आणखी सांगायला लावतात. अशा जोड्यांची मैत्री जास्त घट्ट असते. आणि त्यांच्यात उदासी नि चिंताही जास्त आढळते. एकाच सवयीतून दोन्ही. म्हणूनच ती सुटत नाही. कुरकुर सोडायची म्हणजे ते जवळचं माणूस सोडायचं, असं आतून वाटत राहतं. माझ्या बहिणीला मी "जरा चांगलं बोल ना काहीतरी" म्हटलं असतं तर तिने फोन करणंच थांबवलं असतं, आणि तिचं बरोबरच होतं. आम्हाला जवळीक हवी होती, फक्त ती मिळवायची दुसरी रीत माहीत नव्हती.

मोजून पाहिलं तेव्हा

सवय मोडण्याच्या उपायांत एक जांभळं कडं प्रसिद्ध आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी इथले धर्मोपदेशक विल बोवेन यांनी २००६ मध्ये लोकांना जांभळ्या रबरी पट्ट्या वाटल्या. तक्रार तोंडातून निघाली की पट्टी एका मनगटातून काढून दुसऱ्यात घालायची आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायची. सलग २१ दिवस पट्टी हलली नाही की जिंकलात.

पट्टीचा एक फायदा निर्विवाद आहे: आपण किती वेळा तक्रार करतो ते कळतं. पण चूक झाली की शून्यावर या, हे मला पटत नाही. २१ दिवसांचा आकडा लोकांच्या तोंडी बसला तो मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तीनेक आठवडे लागतात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे लोकांनी तो आकडा सरसकट सगळ्या सवयींना लावला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहिलं, तेव्हा नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशोब निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, असंही दिसलं. ज्या बाईला दिवसातून चार वेळा जेवण वाढायचंय, म्हाताऱ्या माणसांचं करायचंय, लोकलने जायचंय, तिला प्रत्येक चुकीला पुन्हा शून्यावर आणणं अन्याय आहे.

मी पट्टीऐवजी किराण्याच्या यादीची छोटी वही घेतली आणि आठवडाभर प्रत्येक तक्रार लिहिली. नुसती तक्रार नाही, ती कोणाविषयी होती आणि कोणाला सांगितली, हेही. पहिल्याच संध्याकाळी पान भरलं. रिक्षा. साहेबांनी तक्त्याचा नमुना तिसऱ्यांदा बदलला. सासूबाईंनी दूधवाल्याचं परत विचारलं. मुलाचा ओला टॉवेल पलंगावर. रिक्षा.

आठवड्याच्या शेवटी दोन रकाने समोरासमोर ठेवून पाहिले. साहेबांविषयीची तक्रार नवऱ्याला सांगितली होती. नवऱ्याविषयीची बहिणीला. मुलाविषयीची सासूबाईंना, आणि सासूबाईंविषयीची शेजारच्या काकूंना. टॉवेल सोडला तर एकही तक्रार ज्याच्यामुळे ती होती किंवा जो काही करू शकला असता, त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती. पत्र लिहून रोज चुकीच्या पेटीत टाकावं तसं.

आमच्या इमारतीसमोरचा रस्त्यावरचा दिवा चार महिने बंद होता. गेटजवळ रोज त्यावर बोलणं व्हायचं, मीही बोलायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका एक दिवस बॅटरी घेऊन खांबापाशी गेल्या आणि खांबावर रंगवलेला नंबर कागदावर उतरवून घेतला. तो नंबर घालून त्यांनी रीतसर तक्रार नोंदवली, आठ दिवसांनी पुन्हा आठवण दिली, आणि त्याच आठवड्यात दिवा लागला. चार महिन्यांत आमच्यापैकी कोणालाही खांबाला नंबर असतो हे ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे या रीतीची मोठी परंपरा आहे, ती पुरेशी आठवली जात नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. भेसळ, टंचाई, महागाई यांवर घरोघर कुरकुर चालूच होती. मुंबई ग्राहक पंचायतीच्या माणसांनी शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ केले, महिन्याचा किराणा एकत्र मागवून वाटून घेतला. ग्राहकाची तक्रार ऐकणारा कायदा १९८६ मध्ये देशाला मिळाला त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. आज ग्राहकांसाठी १९१५ हा मदत क्रमांक आहे, आणि महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, ज्यात अधिसूचित दाखले-परवाने ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क मानला आहे. कुरकुर सोडायची म्हणजे हे सगळं गुंडाळून "असू दे, चालायचंच" म्हणायचं, असं कोणी समजू नये.

गोड गोड बोलणं म्हणजे सकारात्मक होणं नव्हे

हे जरा ठासून सांगायला हवं. आपल्याकडे, विशेषतः बायकांना, "तू जरा पॉझिटिव्ह राहा" हे गप्प बसवण्यासाठी सांगितलं जातं. जिला घरात मार बसतोय, जिचा पगार थकलाय, जिच्या दुखण्याकडे कोणी बघत नाही, तिच्या तोंडून निघतं ते गाऱ्हाणं आहे आणि ते ऐकलंच पाहिजे. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. आणि दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला वाईट सवय म्हणू नये. डॉक्टरांना भेटावं, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करावा; तिथे मराठीत बोलता येतं.

नुसत्या गोड कल्पनांचं काय होतं, त्यावर गॅब्रिएल ओटिंजेन आणि थॉमस वॉडन यांचा १९९१ चा अभ्यास आहे. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात २५ स्त्रिया होत्या. आपल्याला जमेल अशी रास्त अपेक्षा बाळगणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. पण आपण बारीक झालोय, लोक वळून बघताहेत, अशी सुखस्वप्नं रंगवणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा वर्षभरात सरासरी ११ किलो कमी उतरलं. मन स्वप्नातच पोट भरून घेतं, मग पाय उचलत नाहीत. ओटिंजेन यांनी पुढे सुचवलेली रीत वेगळी आहे: हवंय ते डोळ्यांसमोर आणा, आणि लगेच त्याच्या आड आपलंच काय येतंय तेही आणा, मग 'असं झालं, तर मी असं करीन' हे आधीच ठरवून ठेवा. माझं 'तर' असं होतं: घरात पाऊल टाकताच ऑफिसचं काही तोंडावर आलं, तर आधी पाय धुवायचे, पाणी प्यायचं, मग बोलायचं. दोन महिन्यांनी ते आपोआप व्हायला लागलं.

आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने मेंदूची छायाचित्रं घेऊन पाहिलं की चेहऱ्यावरच्या रागाला किंवा भीतीला नेमका शब्द दिला की मेंदूतला भीतीची घंटा वाजवणारा भाग थोडा शांत होतो. आपण सगळ्याला "वैताग आलाय" म्हणतो. पण मराठीत चीड आहे, हिरमोड आहे, उबग आहे, मानहानी आहे, हेवा आहे, शिणवटा आहे, धास्ती आहे. साहेबांनी तक्ता बदलला तेव्हा मला राग आलाय असं वाटलं होतं. वहीत लिहिताना शब्द शोधला तर सापडला हिरमोड. मी तो तक्ता मन लावून केला होता आणि कोणी नीट पाहिलाही नव्हता. रागाला भांडण सुचतं. हिरमोडाला वेगळं सुचलं: पुढच्या वेळी पहिला नमुना दाखवून मग पुढचं काम करायचं.

रोज रात्री चांगल्या गोष्टी लिहा, हा सल्लाही सगळीकडे असतो. त्याला आधार आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककला यांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आभारी वाटतं अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने जाच करणाऱ्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत बरं चाललंय असं जास्त वाटलं. फरक जादूसारखा मोठा नव्हता. आणि 'कुटुंब, आरोग्य, देवाची कृपा' असं रोज तेच लिहिलं तर ती फक्त दुसऱ्या प्रकारची पिरपिर होते. मी बारीक तेवढंच लिहिते. मंगळवारी लिहिलं होतं: सासूबाईंनी न सांगता माझ्या पोळ्या झाकून ठेवल्या होत्या, मऊ राहिल्या. सहा महिन्यांपूर्वी त्या पोळ्या मला दिसल्या नसत्या, दूधवाल्याचा प्रश्न तेवढा ऐकू आला असता.

बहिणीचं काय झालं

एका रात्री मी तिला विचारलं, "नुसतं ऐकू, की आपण काही ठरवूया?" ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आधी ऐक." मी ऐकलं, पुरतं ऐकलं, मध्ये माझं ऑफिस आणलं नाही. मग विचारलं, "हे सगळं सांगून तुला भावजींकडून हवंय काय?" अडीच वर्षांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता, मीसुद्धा. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "महिन्यातून दोन रविवार. बस. दोन रविवार कोणीतरी बाबांजवळ थांबावं."

दिराला काय म्हणायचं ते आम्ही फोनवरच लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात मिठाईचे बॉक्स होते, वास्तुशांतीला न आलेली जाऊ होती, "तुम्हाला कधी वाटलंच नाही का" होतं. एकेक वाचून विचारत गेलो, हे वाचल्यावर भावजी रविवारी येतील की स्वतःची बाजू मांडत बसतील? एकेक ओळ गेली. ती खोडताना बहीण रडली, कारण प्रत्येक ओळ खरी होती. शेवटी उरलं ते एवढं: "भावजी, बाबांचं करताना मी खूप दमते. महिन्यातून दोन रविवार, सकाळी दहा ते पाच, तुम्ही त्यांच्याजवळ थांबाल का? औषधांच्या वेळा मी लिहून ठेवीन."

दीर दोनदा "बघतो" म्हणाले. तिसऱ्यांदा आले. तेव्हापासून महिन्याला दोनऐवजी एकच रविवार येतात, आणि जाऊबाई अजून आलेल्या नाहीत. फोन अजूनही साडेआठला येतो, गाऱ्हाणं अजूनही असतं. दहा-पंधरा मिनिटं. मग ती विचारते, "तुमच्याकडे आज काय केलं होतंस?" आणि आम्ही वालाच्या उसळीवर बोलतो.

परवाच्या रविवारी मात्र तिचा फोन दुपारी चारलाच आला. मागे गाड्यांचे हॉर्न, कोणाचं तरी हसणं. मी घाबरून विचारलं, "काय गं, बाबा बरे आहेत ना?" म्हणाली, "बरे आहेत. भावजी आलेत. मी बाहेर आलेय ताई, मैत्रिणीबरोबर. चहा पितेय, बसून." पुढचा रविवार कोणता ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. बुधवारी ती त्यांना फोन करणार आहे.